मडक्यात न पडलेली चिठ्ठी

संस्था काढायला काय लागतं, असं कोणी विचारलं की मी सांगते, सात माणसं लागतात. पैसा नंतर, जागा नंतर, आणि रबरी शिक्का सगळ्यात शेवटी. येणारा प्रत्येक जण मात्र आधी शिक्काच करून आणतो. सही करणारी, एकमेकांच्या घरची नसलेली सात माणसं आणा, बाकीचं मी टाईप करते.

गडचिरोलीत कचेऱ्यांच्या समोर टिनाच्या शेडखाली माझं टेबल होतं. आधी ते नवऱ्याचं होतं. तो अर्ज लिहून द्यायचा. तो गेल्यावर मी बसले. लोक म्हणाले, बाई किती दिवस टिकणार? गुडघ्यांनी राजीनामा देईपर्यंत टिकले. टाईपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, कागद घेणाऱ्या साहेबांच्या जागी ऑनलाइन आलं, पण येणारी माणसं तीच राहिली. बोलताना मी इथलीच झाडीपट्टीची भाषा बोलते, लिहिताना मात्र बोटांना अर्जाची सवय लागली आहे, त्याला आता इलाज नाही. आणि मी रागीट आहे, हेही सांगून टाकते. मागून कोणाकडून कळण्यापेक्षा बरं.

माझ्याकडे विशेष करून यायचे ते छोट्या सोडतीवाले. कोणाला गावात वाचनालय करायचं असायचं, कोणाला देवळाची भिंत, कोणाला कबड्डीच्या पोरांसाठी बूट. वर्गणी मागून मागून तोंड वाईट झालं की कोणाच्या तरी डोक्यात यायचं, तिकीट काढू, लकी ड्रॉ करू. लोकांना वाटतं त्यात काय, डबा घ्यायचा, चिठ्ठ्या टाकायच्या, हलवायचा. तसं नाही. परवानगीशिवाय सोडत काढली तर तो जुगार. कायद्याने छोट्यांसाठी थोडी वाट ठेवली आहे. सोडत एखाद्या कार्यक्रमाचा भाग असावी, तिकीट त्या कार्यक्रमाच्या जागीच विकावं, बक्षीस रोख नसावं, आणि जे उरेल ते कोणाच्या खिशात जाऊ नये. हे सगळं कोणाच्या तरी गळ्यात बांधायचं म्हणून नोंदणी झालेली संस्था लागते, तिची घटना लागते, म्हणजे नियमांची यादी. ती यादी मी बनवायची.

माजरीकडून, कोळशाच्या खाणीच्या भागातून, एक गृहस्थ आले होते. गणपतीत सायकलची सोडत काढायची होती. सात नावं तयार. पहिलं त्यांचं, दुसरं बायकोचं, मग तीन मुलं, एक सून आणि सातव्या जागी, "हे साळभाऊ हायत, पन आमच्याकडंच राहतात." मी म्हटलं, "भाऊ, ही संस्था नाई, हे तुमचं रेशनकार्ड आहे." रागावून गेले. दोन दिवसांनी परके सहा जण घेऊन आले, आणि त्या सहांपैकी एकाने पहिल्याच सभेत त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. त्याचा दोष आजतागायत मलाच देतात.

भामरागडकडून माडिया गावातली सात माणसं आली होती. पावसाळा सरून रस्ता सुरू झाल्या झाल्या दोन बसा बदलून आली. त्यांच्यातला एकच मराठी बोलायचा. मी विचारलं, अध्यक्ष कोण? तो मागे वळून गोंडीत बोलला, सगळे बराच वेळ बोलले, आणि मग तो मला म्हणाला, "गाव." मी म्हटलं, गाव सही नाही करत. पुन्हा चर्चा. म्हणाले, विचारून येतो. महिन्याने आले, पुन्हा सगळेच, आणि उत्तर तेच. कोणी एकाने खुर्चीवर बसावं हेच त्यांना पटत नव्हतं. शेवटी सगळ्यात म्हातारीचं नाव लागलं, कारण ती कोणाचं ऐकत नाही, म्हणजे ती कोणाच्या बाजूची नाही. इतकं चोख कारण मी दुसऱ्या कुठल्या अर्जात वाचलं नाही.

चोरही यायचे. दर महिन्याला सोडतीत मोटारसायकल काढतो म्हणणारे, शर्टाला अत्तर मारून येणारे. त्यांना मी उभ्या उभ्याच परत पाठवायची. पण माझ्या हातून खरी चूक झाली ती चोरांच्या कामात नाही. ती सरळ माणसांच्या कामात झाली, आणि तीच लिहायला मी ही वही उघडली आहे.

वैनगंगेच्या काठचं एक ढीवरांचं गाव. चाळीसेक घरं. तलावात आणि नदीत मासे धरायचे, थोडी धानाची शेती, उरलेल्या दिवसांत मजुरी. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नदी चढली की तिचं पाणी गावापुढच्या नाल्यात उलटं शिरतं आणि गाव चार-चार दिवस तुटतं. डोंगे आहेत, पण ते झाडाच्या खोडाचे, तलावात दोघांनी बसायचे. चढत्या पाण्यात ते चालत नाहीत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात वनिता नावाच्या बाळंतिणीला घेऊन लोक नाल्याच्या काठावर दिवसभर थांबले. पोरगी झाली, जगली. वनिता तिथेच गेली. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स उभी होती, दिसत होती.

म्हणून त्यांना इंजिनाची नाव घ्यायची होती. पुढचा पावसाळा लागायच्या आत. दिवाळीनंतर त्यांच्या गावची मंडई भरते, म्हणजे दिवसा जत्रा आणि दंडारीचे नाच, पाहुणेरावळे, लेकी-जावई, आजूबाजूची सगळी गावं लोटतात. त्या मंडईत सोडत काढायची. गावाचे पुढारी तुळशीरामभाऊ सात जणांना घेऊन आले. सहा पुरुष आणि वनिताची सासू, सरूबाई. सरूबाईच्या मांडीवर ती दोन महिन्यांची नात होती. त्या पूर्ण वेळ एक अक्षर बोलल्या नाहीत.

सातही नावं वेगवेगळ्या घरांची, कागद नीट घडी घालून आणलेले. मला बरं वाटलं. मी भराभर टाईप करत होते. सोडतीच्या नियमाशी आल्यावर विचारलं, "चिठ्ठ्या काढता येतात का जी तुमाले? का तेही शिकवू?"

तुळशीरामभाऊ हसले. "बाई, आमची जिंदगीच चिठ्ठीवर हाय. तलावात जाळं कोनी कुठी लावाचं, ते दरसाल चिठ्ठीनंच ठरते. मडक्यात टाकतो, लहान पोरीच्या हातानं काढतो. बापजाद्यापासून. आजवर भांडन नाई झालं."

अशी माणसं मिळतात कुठे, असं मला वाटलं. मी टाईप केलं, 'सोडत गावात चालत आलेल्या पद्धतीने, सर्वांसमक्ष काढण्यात येईल.' ओळ मला फार आवडली. ती पद्धत नेमकी काय, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारून रडवणारी मी, तिथे एक प्रश्न विचारला नाही.

नोंदणी झाली, परवानगी आली, मंडई भरली. पहिलं बक्षीस शिलाई मशीन, मग दोन सायकली, मग स्टीलची भांडी. मी गेले नव्हते, मला नंतर कळलं. दुपारी दंडार थांबवून मडकं आणलं. तुळशीरामभाऊ माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, "पयलं बक्षीस सरूबाईच्या घरी गेलं. आता दुसऱ्याची चिठ्ठी काढा."

गावाने टाळ्या वाजवल्या. बाहेरचे बघत राहिले.

कारण त्यांची पद्धत अशी होती. तलावाच्या जागा वाटताना, ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घराची चिठ्ठी मडक्यात पडतच नाही. ते घर आधी उठतं आणि हवी ती जागा घेतं. बाकीचे मग नशीब काढतात. हे त्यांना इतकं सरळ होतं की ते सांगावं असं कोणाला वाटलंही नाही. आपण जेवायला बसतो तेव्हा उजव्या हाताने जेवणार, असं कोणाला सांगतो का?

पण तिकीट विकलं होतं बाहेरच्यांनाही. शेजारच्या गावातल्या एका बापाने एकट्याने दहा तिकिटं घेतली होती. त्याची मुलगी शिवणकाम शिकली होती आणि तिला मशीन हवी होती. त्याने तक्रार केली. माणूस वाईट नव्हता. माझ्या टेबलाशी येऊन मलाच म्हणाला, "बाई, मले मशीन लागली नाई त्याचं दुःख नाई. माझी चिठ्ठी पडलीच नाई मडक्यात, त्याचं हाय." तो बरोबर होता.

चौकशी लागली. मलाही बोलावलं, घटना मी टाईप केली होती ना. साहेब भले होते. त्यांनी माझी ती आवडती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, चालत आलेली पद्धत म्हणजे काय? तुळशीरामभाऊंनी सगळं सांगितलं, अभिमानाने, काही न लपवता. मी पायाने त्यांचा पाय दाबत होते. त्यांना वाटलं टेबलाखाली जागा कमी आहे म्हणून त्यांनी पाय बाजूला घेतला.

साहेबांनी घटनेचा कागद मिटला. मग म्हणाले, तलाव तुमचा, तिथे तुम्ही काहीही करा, चांगलंच करता. पण इथे लोकांनी तिकीट घेतलं आहे. पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी पुन्हा, सगळी तिकिटं टाकून, पंचांसमोर काढा. नाहीतर परवानगी रद्द, जमलेला पैसा ज्याचा त्याला परत आणि नावेचं विसरा. आठ दिवस दिले.

तुळशीरामभाऊ बाहेर आले आणि म्हणाले, "नाव नको मंग."

"काऊन नको? डोकं ठिकानावर आहे का?" मी ओरडले. रस्त्यात. लोक बघायला लागले.

"मयताच्या घरातलं देल्लेलं परत उचलत नाई आमच्यात. कोन उचलंन? मी? उद्या मले कोनी पानी देनार नाई."

तिसऱ्या दिवशी मी गावात गेले. बसने, मग कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून, मग नाल्यातून चालत. नाला तेव्हा घोट्याएवढा होता. त्याच्यात माणूस अडकू शकतं हे खरंच वाटत नव्हतं. समाजमंदिरापुढे सगळं गाव बसलेलं. मी खूप बोलले. कायदा सांगितला, पावसाळा किती जवळ आहे ते सांगितलं, आवाज चढवला. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी बराबर बोलून राह्यल्या. पन हे आमच्यानं होनार नाई." दुसरा म्हणाला, "पुढच्या साली पाहू." मी म्हटलं, "आनि यंदा कोनाच्या घरची बाई काठावर ठेवाची, ते आताच चिठ्ठी टाकून ठरवा." बोलून गेले. जीभ माझी काळी. सगळे खाली बघायला लागले. सरूबाई तिथेच बायकांच्या शेवटी बसल्या होत्या.

त्या उठल्या आणि घराकडे चालायला लागल्या. मला वाटलं माझ्या बोलण्याने दुखावून गेल्या. मी मागे गेले, माफी मागायला. घर एका खोलीचं. मशीन दारातल्या उजेडात ठेवलेली, सुईखाली फुलाफुलांचं छोटं झबलं. सरूबाई मशीनवर बसल्या.

"सरूबाई, मले माफ करा जी," मी म्हटलं.

"थांबा, एवढी शिवन पुरी करतो," त्या म्हणाल्या. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

शिवण पुरी केली. दाताने धागा तोडला. झबलं झटकून खांद्यावर टाकलं. मग मशीनचं वरचं धूड दोन्ही हातांनी उचललं आणि मला म्हणाल्या, "पाय तुमी घ्या." खालचा लोखंडी सांगाडा मी ओढत आणला. गुडघ्यांचं तिथेच काय ते झालं. सगळ्या गावासमोर त्यांनी मशीन जमिनीवर ठेवली.

"कोनी उचलली नाई," त्या तुळशीरामभाऊंना म्हणाल्या. "मी आनली. आता काढा चिठ्ठी. मले नाव पायजे."

तुळशीरामभाऊ एवढा मोठा माणूस, गमछा तोंडावर धरून रडला. मीही रडले, लपवत नाही.

आठवड्यात पुन्हा सोडत झाली. तो दहा तिकिटांचा बापही आला होता. एका लहान मुलीने चिठ्ठी काढली. मशीन लागली मंडईला सासुरवाडीत आलेल्या ब्रह्मपुरीकडच्या एका जावयाला. त्याने ती गाडीला बांधली तेव्हा दोरी सरूबाईंनी तपासली आणि सुई कोणत्या नंबरची लागते ते त्याला सांगितलं. दहा तिकिटांचा बाप रिकाम्या हाताने परत गेला, पण जाताना तुळशीरामभाऊंच्या घरी चहा घेऊन गेला.

परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारची बाई दचकली. बक्षीस चिठ्ठीने द्या, सगळ्यांची चिठ्ठी टाका. पण त्याच्या आधी, संस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून, ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलं त्या घराला मदत द्यावी. दोन वेगळी कामं. कायद्याला काहीच हरकत नाही. घटनेत एक ओळ घालायची होती, उद्देशांच्या यादीत. मी तेव्हा विचारलं असतं, भाऊ, पद्धत काय तुमची, तर ती ओळ पहिल्याच दिवशी टाईप झाली असती. त्या संस्थेने मशीन सरूबाईंना सन्मानाने दिली असती, आणि बक्षिसाला दुसरं काही ठेवलं असतं.

मी ती ओळ टाईप करून दिली, त्यांनी आमसभेत मंजूर केली. पण नियम मागच्या तारखेपासून लागत नाही. माझ्या घरी माझी स्वतःची मशीन होती, मी ती सरूबाईंना देते म्हटलं. त्या म्हणाल्या, "गावानं देल्लं ते माझं व्हतं बाई. तुमच्याकडून काऊन घेऊ?" मी पुन्हा विचारलं नाही. हा माझा एवढ्या वर्षांचा एकच अर्ज, जो परत आला आणि ज्याची त्रुटी मला दूर करता आली नाही.

नाव पावसाळ्याआधी आली. नाव चालवायला गावाने पाळी लावली, आणि पाळी चिठ्ठीने.

त्याच्या पुढच्या वर्षी संस्थेचा अहवाल करायला सरूबाई आणि तुळशीरामभाऊ आले. माझे टेबलावरचे शेवटचे महिने होते ते. नात आता चालायला लागली होती, माझ्या टेबलाखालच्या वायरी ओढत होती. मी खेकसले, ती हसली. मी रकाने भरत गेले. सभा किती, नाव कितीदा सोडली, कोणाला पलीकडे नेलं. त्या यादीत दोन बाळंतिणी होत्या, एक साप चावलेला माणूस होता, एक म्हातारा. मग माझ्या त्या ओळीचा रकाना आला.

"मयत घराला मदत. कोनाला देल्ली? नाव सांगा."

"नाव नाई," सरूबाई म्हणाल्या.

"नाई म्हणजे? मदत देल्ली नाई का? एवढी सभा घेऊन ओळ मंजूर केली आनि..."

"यंदा गावात कोनी गेलंच नाई, बाई. ती जागा कोरी ठेवा."

अहवालात कोरी जागा ठेवत नाहीत. सरकारी कागदाला रिकामं चालत नाही, तो त्रुटी काढून परत पाठवतो. तिथे एक शब्द घालायचा असतो. आयुष्यभर मी तो हजारो वेळा, चहा पिता पिता, न बघता टाईप केला असेल. त्या दिवशी एकेक कळ बघून दाबली. निरंक.

"काय लिवलं?" सरूबाईंनी विचारलं.

"निरंक. म्हणजे काहीच नाई. कोनीच नाई."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं.

"आनखी एकदा वाचा," त्या म्हणाल्या, आणि नातीला उचलून मांडीवर घेतलं.